मशीन जुनं आहे, गिऱ्हाईक नाही

शहादा

चि. मेघना हिस,

तुझा प्रोग्रॅम पुण्यात झकास चालतो आणि धडगावच्या झेरॉक्सच्या दुकानात उघडतही नाही, हे कळलं. पण ‘त्यांनी मशीन बदलावं’ हे तुझं म्हणणं पटलं नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आता दाखला असो की रेशन, माणसाचं काम नेटच्या जोडणीवर अडतं. जोडणीचा कोड लिहिणाऱ्याने जुन्या मशीनकडे पाठ फिरवून कसं चालेल?

तू पाठवलेला एररचा फोटो नीट वाच. ‘इनेट_पीटॉन’ सापडत नाही, असं त्यात लिहिलंय. विंडोजमध्ये हे फंक्शन व्हिस्टापासून आलं आणि दुकानात आहे एक्सपी. तू ते थेट लिंक केलंस, म्हणून तुझी पहिली ओळ चालायच्या आतच विंडोजने प्रोग्रॅम अडवला. अशी फंक्शनं प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ‘गेटप्रॉकअ‍ॅड्रेस’ने शोध. नाही मिळालं तर ‘डब्ल्यूएसए-स्ट्रिंग-टू-अ‍ॅड्रेस’ वापर, ते विंडोज २००० मध्येही होतं.

व्हर्जन विचारून मात्र काही ठरवू नकोस. मॅनिफेस्टमध्ये नोंद नसेल तर विंडोज १० सुद्धा ‘मी विंडोज ८’ असं सांगतं. लिनक्सचा ‘अ‍ॅक्सेप्ट४’ कर्नल २.६.२८ मध्ये आला, पण काही कंपन्या नव्या सोयी जुन्या कर्नलमध्येही आणून बसवतात. तेव्हा सरळ कॉल करून बघ. ‘ईनोसिस’ आलं तर साधं ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि त्यामागे ‘एफसीएनटीएल’. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने फोर्क करून एक्झेक केलं, तर सॉकेट नको तिथे जातो. पर्याय हुबेहूब मुळासारखा नसतो, हे कोडमध्येच लिहून ठेव.

असे सगळे फरक एका फाइलीत कोंड. विंडोजवर ‘क्लोजसॉकेट’, इतरत्र ‘क्लोज’. एररसुद्धा एकीकडे ‘डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर’मधून, दुसरीकडे ‘एररनो’मधून. बाकीच्या कोडला याचा पत्ताही लागता कामा नये. लिनक्सची बायनरी सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बांध. नव्या जीलिबसीवर बांधलेली जुन्यावर बहुधा अडते, जुन्यावर बांधलेली मात्र सहसा पुढे चालते.

एक गोष्ट सक्तीची. एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले आणि त्याच्या स्वतःच्या टीएलएसची मजल १.० पर्यंतच. म्हणून आजची टीएलएस लायब्ररी प्रोग्रॅमसोबतच दे. जोडणी होत नाही म्हणून सर्टिफिकेटची तपासणी बंद करायची नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

कुठल्या सिस्टिमवर प्रोग्रॅम चालतो याची यादी दे, आणि ज्या मशीनवर स्वतः चालवून पाहिलं नाहीस त्याचं नाव तिच्यात घालू नकोस.

तुझा काका