ट्रक उभा, पावती अडली

रावेर तालुक्यात केळीच्या कटाईचे दिवस सुरू झाले की व्यापाऱ्याच्या ऑफिसात दोन कागदांची घाई असते: वजनपावती आणि बिल्टी. माल नाशवंत, पल्ला थेट दिल्लीपर्यंतचा. आणि नेमका तेव्हाच फोन येतो, "प्रिंटर बसलं रे भो!" आमच्याकडे प्रिंट सर्व्हर म्हणजे बहुधा कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर. सगळ्या टेबलांचे कागद त्याच्यामार्फत छापले जातात. अशी ऑफिसं सांभाळताना जे हाती लागलं, ते असं:

१. आधी विचारा, एकाचं बंद की सगळ्यांचं? एकाच टेबलाचं बंद असेल तर सर्व्हरला हात लावू नका. त्या मशिनची केबल निघाली असेल, नाहीतर विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' ठरवून शेअरिंग बंद केलं असेल. सगळ्यांचंच बंद असेल तर दोष सर्व्हरमध्ये किंवा त्याच्या पुढे.

२. प्रिंटरची साक्ष काढा. नेटवर्क प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशनचं पान छापता येतं. त्याला नेटवर्क लागत नाही. पान आलं म्हणजे यंत्र धडधाकट आहे. त्यावरचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग केबल, स्विच, राउटर याच क्रमाने बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा बंद कपाटात कोंडलेला स्विचही मान टाकतो.

३. लाइट जाऊन आली की पत्ते तपासा. राउटर उठायच्या आत प्रिंटर उठतो, किंवा राउटर त्याला नवाच आकडा देतो. सर्व्हर मात्र जुन्याच आकड्यावर कागद पाठवत राहतो. यावर कायमचा इलाज म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर आयपी राखून ठेवणे. राउटर आणि स्विच यूपीएसवर घ्या. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर नको, त्याचा हीटर फार करंट ओढतो.

४. पिंग लागला म्हणजे छपाई होईलच असं नाही. सर्व्हरवर प्रिंटरचा पोर्ट उघडून बघा. तिथे 'डब्ल्यूएसडी' असेल तर साधा टीसीपी/आयपी पोर्ट करा. बहुतेक प्रिंटर ९१०० वर ऐकतात. प्रिंटर चालू असून 'ऑफलाइन' दिसत असेल, तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची खूण काढून पाहा.

५. रांग मोकळी करण्याआधी सगळ्यांना सांगा. एक फाइल अडकली की मागचं सगळं तुंबतं. स्पूलर सर्व्हिस थांबवायची, 'स्पूल' फोल्डरच्या आतल्या 'प्रिंटर्स'मधल्या फाइली काढायच्या, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. पण त्यात सगळ्यांचेच कागद जातात. आणि "पुन्हा पुन्हा प्रिंट दाबू नका" हेही बजावा. नाहीतर रांग सुटताच एकाच बिल्टीच्या चार प्रती बाहेर पडतात आणि खरी कोणती यावर वाद होतो.

६. "काल तर चालत होतं" हा पुरावा समजा. मग काल काय बदललं ते शोधा. उदाहरणार्थ, २०२१च्या जुलैमध्ये स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' ही त्रुटी गाजली. पुढच्या महिन्यांतल्या सुरक्षा अपडेटनंतर शेअर केलेले कितीतरी प्रिंटर '११बी' या कोडवर अडले. रजिस्ट्रीत बदल करून अपडेटने आणलेलं संरक्षणच बंद करायचा तोडगा तेव्हा पसरला होता. त्यापेक्षा सर्व्हर आणि टेबलांवरची मशिनं, दोन्हीकडची अपडेट पूर्ण करावीत, ड्रायव्हर ॲडमिनच्या हक्काने बसवावा.

७. एका वेळी एकच बदल करा, आणि लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रिंटरचं नाव, आयपी, पोर्ट आणि शेवटच्या बदलाची तारीख यांची चिठ्ठी प्रिंटरवरच चिकटवा.

८. आधी ट्रक काढा. ऑफिसात एक यूएसबी केबल कायम ठेवा. प्रिंटर एका कॉम्प्युटरला थेट जोडा, पावती छापा, गाडी रवाना करा. नेटवर्कचा दोष संध्याकाळपर्यंत थांबतो, कापलेली केळी थांबत नाहीत.