गोणीचं वजन आणि मायक्रोसेकंदाची झोप

वाशीच्या एपीएमसी मार्केटात, कांदा-बटाटा बाजारातल्या एका गाळ्यावर आवक ताडून पाहायला रास्पबेरी पायवर चालणारा घरीच बनवलेला काटा होता. (खरेदी-विक्रीचं माप वैधमापनाचा शिक्का असलेल्या काट्यावरच व्हायचं, हे नशीब.) पन्नास किलोची गोणी मध्येच उणे वजन दाखवायची. "लोडसेल बदलला, वायर बदलली, आता काय मापाडी बदलू?" शेठ वैतागले होते.

मूळ प्रोग्राम जिथे थांबायचं तिथे रिकामं लूप फिरवायचा. एक कोर कायम गुंतलेला. मे महिन्यात बंद डब्यातला बोर्ड 80 अंशांच्या पुढे जायचा आणि प्रोसेसर आपणहून मंदावायचा. यावर उपाय म्हणून कुणीतरी सरसकट सगळीकडे स्लीप, म्हणजे झोप, घातलं होतं. बोर्ड थंड झाला, वजन बिघडलं.

लोडसेल वाचणाऱ्या एचएक्स 711 चिपकडून एक आकडा घ्यायला क्लॉकच्या पिनवर 25 पल्स द्यावे लागतात. पिन 60 मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ हाय राहिली, की चिप स्वतःला बंद करून घेते आणि वाचन अर्धवट राहतं. लिनक्सकडे 1 मायक्रोसेकंदाची झोप मागितली, तरी साध्या प्रोसेसला उठवताना कर्नल 50 मायक्रोसेकंदांपर्यंत उशीर करू शकतो. वर कोरवर पुन्हा पाळी येईपर्यंतचा वेळ वेगळाच. साठी ओलांडायला तेवढं पुरतं.

दोन वाचनांमधला वेळ मात्र 100 मिलिसेकंदांचा. तिथे लूप फिरवणं म्हणजे ट्रक पहाटे येणार म्हणून माथाडी कामगारानं रात्रभर हात पसरून उभं राहणं.

मग मी पल्सच्या आत लूप ठेवलं, बाहेर झोप. तुम्हीही आधी दोन गोष्टी विचारा: किती थांबायचंय, आणि उशीर झाला तर काय बिघडेल? विंडोजवर टायमरचा ठोका मुळात 15.6 मिलिसेकंदांचा, त्यामुळे 1 मिलिसेकंदाची झोप तिथे चांगलीच लांबू शकते. थांबायचा वेळ ना फार लहान ना फार मोठा असेल, तर बहुतेक वेळ झोपा, शेवटचा तुकडा लूपमध्ये काढा. लूपचे फेरे मोजून वेळ ठरवू नका. प्रोसेसर तापला की फेऱ्याचा वेळ बदलतो. मोनोटॉनिक घड्याळच वाचा.

लूपला कमाल मुदत हवीच. बाजारात उंदीर आहेत; वायर कुरतडली गेली तर चिपचा 'तयार' इशारा कधीच न येण्याची शक्यता असते आणि मग प्रोग्राम तिथेच घिरट्या घालत बसतो. शक्य असेल तर त्या इशाऱ्यासाठी लूप नकोच, पिनची पातळी बदलली की कर्नललाच उठवायला सांगा.

एवढं करूनही लिनक्स पल्सच्या मध्येच कोर काढून घेऊ शकतो. म्हणून मी प्रत्येक पल्सचा वेळ मोजतो, 60 च्या वर गेला तर ते वाचन टाकून पुन्हा घेतो. नवा काटा जोडायचा असेल, तर पल्सचं काम सरळ छोट्या मायक्रोकंट्रोलरला देतो आणि पायकडे सिरियल वायरवरून फक्त किलो पाठवतो.