दसऱ्याला गाडी येण्याआधी

पुणे,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. बाळ्यास,

काल फोनवर मिरवणुकीच्या ढोलांत तुझं निम्मं बोलणं वाहून गेलं, तरी मुद्दा पोचला. दसऱ्याला विजेची गाडी दारात येणार, चार्जर बसवणारा माणूस गॅरेज बघून ‘आधी हे मोकळं करा’ म्हणून परत गेला आणि दादा गॅरेजची किल्ली कनवटीला लावून बसलाय. रॅक कोणते घेऊ आणि बाबांना कसं समजावू, असे तुझे दोन प्रश्न.

रॅक घेऊच नकोस, निदान आत्ता तरी. पितृपक्ष लागतोय, नवी खरेदी नको असं दादा म्हणेलच. या एका बाबतीत त्याचं मुकाट्यानं ऐक. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केलेल्या बाईचं सांगणं आहे, रॅक वाढले की माल वाढतो. आधी माल किती ठेवायचा ते ठरू दे. आणि ते तू किंवा दादा नाही, गाडी ठरवणार आहे.

खडू घे आणि जमिनीवर गाडी काढ. तुमचं गॅरेज आतून दहा बाय अठरा. गाडी साधारण सहा फूट रुंद, तेरा फूट लांब. राहिले चार फूट रुंदीत आणि पाच फूट लांबीत. ड्रायव्हरच्या बाजूला दार उघडून उतरायला अडीच फूट सोड. डावीकडे दीड फूट उरतो, तिथे फक्त भिंतीला सपाट टांगता येईल ते: शिडी, फावडं, करवत. शटरपाशी फूटभर आणि बॉनेटपुढे चालायला दोन फूट सोडलेस, की मागच्या भिंतीला दोन फुटांची पट्टी मिळते. तुझं सगळं गोदाम तेवढंच. मागच्या भिंतीवर न मावणारी वस्तू कितीही चांगली असली तरी तिची जागा दुसरीकडे शोधायची. हा खडू दादालाही दाखव. ‘बाबा, पसारा काढा’ म्हटलं की भांडण होतं. ‘बाबा, दार इथपर्यंत उघडतं’ म्हटलं की तो स्वतः टेप घेऊन येईल.

आता दादाचं. तो साठेबाज आहे असं तू हसत म्हणालास, ते मला आवडलं नाही. तुमचं घर बांधलं तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. ते नियंत्रण १९८२ मध्ये अर्धंमुर्धं सुटलं आणि १९८९ मध्ये पुरतं उठलं. चेतक स्कूटर बुक करून माणसं वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. बिजागरी मोडली तर दुकानात तीच मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून मोडक्या दाराची बिजागरी काढून ठेवणं हा शहाणपणा होता. आज तीच बिजागरी पेठेत अर्ध्या तासात मिळते. तेव्हा वस्तू मिळायची नाही, आता जागा मिळत नाही. ठेवण्याचं गणित बदललंय, दादा चुकला नाही. हे मनात धरून गॅरेजमध्ये पाय ठेव, बोलण्यातला सूर आपोआप बदलेल.

आणि शिरल्यावर डाव्या हाताची ती फळी नीट बघ. जॅमच्या बाटल्यांची झाकणं त्यानं फळीच्या खालून स्क्रूनं बसवलीत. बाटली फिरवली की हातात येते, पुन्हा फिरवली की वर लटकते. आत काय आहे ते न उघडता दिसतं. एकीत पाऊण इंची स्क्रू, एकीत वॉशर, एकीत चुका. आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड असायचं, आलं किती, गेलं किती, उरलं किती. दादाच्या बाटल्यांना तेही लागत नाही. ती फळी जशीच्या तशी मागच्या भिंतीवर हलव. ‘बाबा, तुमची फळी राहणार’ हे पहिल्या दिवशी सांगितलंस, तर किल्ली कनवटीतून सुटेल.

कामाची रीत अशी. सगळं गॅरेज एकदम अंगणात ओतायचं नाही, संध्याकाळी पाऊस आला की तसंच आत कोंबलं जातं. एका वेळी एक भिंत. ताडपत्री अंथर आणि चार ढीग कर: गाडीचं, घराचं, दुसऱ्याचं, मोडीचं. दादाला ‘हे टाकू का?’ असं विचारू नकोस, उत्तर ठरलेलं आहे. ‘हे शेवटचं कधी लागलं?’ असं विचार आणि तो सांगेल ते ऐकून घे. पाइपच्या तुकड्याला इतिहास असतो, तो सांगून झाला की माणूस तुकडा सोडतो. जे सुटत नाही त्याचं एकच खोकं करायचं, वर आजची तारीख घालायची, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत उघडावं लागलं नाही तर त्यानंच ते द्यायचं. त्याच्या पाठीमागे मात्र एक खिळाही भंगारवाल्याला जाता कामा नये. एकदा विश्वास गेला की पुढची भिंत मिळणार नाही.

दुसऱ्याच्या ढिगात हात आखडू नकोस. दोन पाना-सेट, तीन कानशी, जुना रंधा कुणा आयटीआयच्या पोराला किंवा तुमच्या नेहमीच्या सुताराला दादाच्या हातानं दे. तांब्याचा बंब आणि घंगाळ घरात आण. इथे केळकर संग्रहालयात साधे अडकित्ते आणि दिवे बघायला माणसं तिकीट काढून येतात, कारण ते मांडलेले आहेत. तुमचा बंब रद्दीखाली हिरवा पडला तर त्याचा मान कसला? आणि ती लोखंडी ट्रंक, खरेदीखत, फेरफार, जुने उतारे असलेली, आजच कपाटात हलव.

मोडीत चार गोष्टींना जप. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात घालू नकोस, फोडताना शिसं आणि आम्ल बाहेर येतं. बॅटरीच्या दुकानदाराला परत दे, नवी घेताना तो तिचे पैसे वजा करतो. जुन्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फोडता वेगळ्या दे. थिनर, रॉकेल, पेट्रोलच्या बाटल्या चार्जरच्या खोलीत नकोतच, आणि गटारातही ओतायच्या नाहीत. दादा लाकडाला अळशीचं तेल लावतो ना, त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकलेली मी पाहिलीत. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेतं. फडकी दोरीवर पसरून वाळवायची, मगच टाकायची.

राहिली दादाची जुनी चेतक. ती पुरात भिजलीय, टाकीत गंज आहे, हे दादालाही माहीत आहे. ठेवायची की नाही हे त्यानंच ठरवावं. ठेवायची असेल तर खडूच्या आकृतीबाहेर तिला जागा दाखवावी. घालवायची ठरली तर फाटकाशी आलेल्या भंगारवाल्याला नंबरप्लेटसकट देऊ नका. नोंदणी दादाच्या नावावर आहे, पुढे त्या नंबरचं काही झालं तर विचारणा त्यालाच. सरकारमान्य वाहन मोडणी केंद्रात द्या, तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा.

भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे. चार्जर, त्याचं एमसीबी, ड्रिल मशिन, जे जे विजेचं ते सगळं त्या रेघेच्या वर. खाली फक्त धुऊन पुसता येईल ते: घमेली, पिंप, कुंड्या. पुठ्ठ्याची खोकी जमिनीला टेकवायची नाहीत, वाळवीला आमंत्रण कशाला? आणि शटरसमोर कधी काही ठेवायचं नाही. तुमच्या आयर्विन पुलाशी नदीचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं की गाडी वरच्या भागात हलवायची, ४५ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. त्या रात्री शटरसमोरची सायकल हलवण्यात दहा मिनिटं घालवशील तर मोकळं केलेलं गॅरेज काय कामाचं?

खंडेनवमीला तीन आठवडे आहेत. त्या दिवशी हत्यारं पुसून, तेल देऊन पूजेला मांडायची पद्धत आपल्या घरात आहेच. या वर्षी नियम कर की पूजेला जे मांडलं तेच भिंतीवर परत जाईल. दर वर्षी त्याच दिवशी तीच मोजदाद. गंजून पूजेला न मांडता येणारं हत्यार घरात राहायचं कारण नाही. घट बसले की मग रॅक घे: स्लॉटेड अँगलचा, दीड फूट खोलीचा, भिंतीला बोल्टनं आवळलेला. एकच.

दादाला माझा नमस्कार सांग. किल्ली मागू नकोस, खडू आणि टेप घेऊन त्याला हाक मार.

तुझी,
आत्या