धन्यवाद दिसले, पण नोंद कुठे गेली?



संस्थेचे संकेतस्थळ असले की त्यावर एखादा फॉर्म असतोच. कोणी देणगीची पावती मागते, कोणी एका मुलीच्या वसतिगृहाचा खर्च उचलायची तयारी कळवते, कोणी आरोग्य शिबिरात मदतीला येतो म्हणून नाव देते. शेवटचे बटण दाबले की 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असे दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण कधीकधी ते नाव कार्यालयाच्या नोंदीत पोहोचतच नाही. कार्यालयाला वाटते, कोणी विचारले नाही. त्या माणसालाही तेच वाटते, की आपल्याला कोणी विचारले नाही.

नोंदी सांभाळणाऱ्या सचिवांसाठी, खजिनदारांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी हा पाठ आहे. त्यासाठी संगणकाचे मोठे ज्ञान लागत नाही. क्रमाने पाहण्याची सवय मात्र लागते.

१. माहितीचा रस्ता ओळखा

'धन्यवाद' याचा अर्थ एवढाच, की फॉर्मने माहिती घेतली. नोंद ठेवण्याची जागा वेगळी असते. व्यापाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवता याव्यात म्हणून जी सॉफ्टवेअर निघाली त्यांना सीआरएम म्हणतात. सेल्सफोर्स हे त्यातले मोठे नाव. सिव्हीसीआरएम हे खास सेवाभावी संस्थांसाठी केलेले, विनामूल्य मिळणारे. व्यापाऱ्याच्या 'ग्राहका'च्या जागी आपल्याकडे देणगीदार, स्वयंसेवक आणि पालक येतात. लहान संस्थांत हेच काम गूगल शीटवर चालते.

रस्ता साधारण असा असतो: फॉर्म, त्याला आलेल्या उत्तरांची यादी, ती उत्तरे पुढे नेणारी जोडणी, आणि शेवटी नोंदीचे सॉफ्टवेअर. 'फॉर्म बिघडला' असे म्हणून तो नव्याने करायला घेऊ नका. माहिती कोणत्या टप्प्यापर्यंत आली, एवढेच आधी शोधा.

त्यासाठी स्वतः एक चाचणी नोंद भरा. नाव सहज सापडेल असे ठेवा, जसे 'चाचणी सोमवार'. मग एकेका टप्प्यावर ते नाव शोधा. उत्तरांच्या यादीत नसेल तर दोष फॉर्ममध्ये. यादीत आहे पण सॉफ्टवेअरमध्ये नाही, तर दोष जोडणीत किंवा सॉफ्टवेअरच्या नियमांत. सॉफ्टवेअरमध्ये शोधल्यावर सापडते पण रोजच्या यादीत दिसत नाही, तर ती यादी गाळून दाखवली जात आहे. काम झाले की चाचणी नोंद काढून टाका.

२. नोंद अडते कुठे?

रकान्याचे नाव बदलले. गूगल फॉर्मची उत्तरे पुढे नेणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये उत्तर बहुधा प्रश्नाच्या मथळ्यावरून शोधलेले असते. कोणी 'मोबाईल' चे शुद्धलेखन सुधारून 'मोबाइल' केले, तर वाचणाऱ्याला फरक पडत नाही, पण प्रोग्रामला जुने नाव सापडत नाही आणि तो रकाना रिकामा जातो. सेल्सफोर्सच्या फॉर्मचेही असेच: सॉफ्टवेअरमध्ये नवा रकाना केला तरी संकेतस्थळावरच्या जुन्या फॉर्ममध्ये तो आपोआप येत नाही. फॉर्मचा मजकूर पुन्हा तयार करून लावावा लागतो.

सक्तीचा रकाना. सेल्सफोर्समध्ये नव्या संपर्काच्या नोंदीला आडनाव लागतेच. फॉर्ममध्ये मात्र तशी सक्ती नसली, तर एकच नाव लिहिणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची नोंद दारातूनच परत जाते. दोन्हीकडे सक्ती सारखी ठेवावी.

यादीतला शब्द जुळत नाही. नंदुरबार जिल्ह्यात तालुका अक्राणी, पण त्याचे ठाणे धडगाव. फॉर्ममध्ये लोक 'धडगाव' लिहितात. नोंदीतल्या यादीत फक्त 'अक्राणी' असेल आणि त्याबाहेरचा शब्द चालत नसेल, तर नोंद नाकारली जाते. अशा ठिकाणी लिहायला लावू नये, दोन्हीकडे तीच यादी देऊन निवडायला सांगावे.

मराठी अंक. मोबाइलचा क्रमांक कोणी देवनागरी अंकांत लिहिला तर आपल्याला तो बरोबर वाटतो. पण पुष्कळ सॉफ्टवेअर त्या रकान्यात फक्त इंग्रजी अंक ओळखतात. फॉर्ममध्येच तशी सूचना लिहावी, किंवा जोडणीत अंक बदलून घ्यावेत.

एकाच क्रमांकाचे अनेक जण. आपल्या कामात हे फार घडते. पाड्यावर घरात एकच मोबाइल असतो. वसतिगृहाचे अधीक्षक स्वतःच्या ईमेलवरून दहा मुलांचे फॉर्म भरतात. सिव्हीसीआरएममध्ये लोकांनी स्वतः भरलेल्या फॉर्मसाठी मूळ नियम असा असतो, की ईमेल तोच म्हणजे माणूस तोच. मग दहा मुलांची माहिती एकाच नोंदीवर चढत जाते आणि शेवटचे नाव तेवढे उरते. इथे कोणतीही चूक दाखवली जात नाही, म्हणून हा दोष सर्वांत उशिरा कळतो. ओळख पटवण्याचा नियम नाव, जन्मतारीख आणि क्रमांक मिळून ठरवावा.

जोडणी करणारा गेला. गूगलमध्ये असा प्रोग्राम ज्याने लावला त्याच्या खात्याच्या अधिकाराने चालतो. तो स्वयंसेवक संस्था सोडून गेला आणि त्याचे खाते बंद केले, की जोडणीही थांबते. हे काम संस्थेच्या कायम खात्यातून करावे.

दिवसाची मर्यादा. साध्या जीमेल खात्यातून असा प्रोग्राम दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवू शकतो. प्रोग्राम आधी आभाराचा ईमेल पाठवून मग नोंद करत असेल, तर १०१ व्या माणसापाशी तो थांबतो आणि नोंदही राहते. म्हणून नोंद आधी, ईमेल नंतर. सेल्सफोर्सच्या संकेतस्थळ-फॉर्मलाही २४ तासांत ५०० नोंदींची मर्यादा आहे. मोठ्या आवाहनाच्या दिवशी हे ध्यानात असावे.

३. अडकलेली नावे परत आणा

दोष दुरुस्त झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. दुरुस्तीने उद्याची माणसे वाचतात, पण मागे राहिलेली तशीच राहतात. हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. इथे तर नाण्याच्या जागी माणूस आहे.

लगेच 'कृपया फॉर्म पुन्हा भरा' असे कळवू नका. गूगल फॉर्ममधली उत्तरे, ती मुद्दाम पुसली नसतील तर, फॉर्मपाशीच असतात. शीटमधली ओळ गेली तरी ती राहतात, आणि फॉर्म नव्या शीटला जोडला की जुनी उत्तरेही तिथे येतात. ती यादी आणि सॉफ्टवेअरमधली यादी शेजारी ठेवा आणि कोण राहिले ते काढा.

मग ती नावे सॉफ्टवेअरमध्ये भरताना तीन गोष्टी पाहा. पहिली, फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारात जतन करा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. दुसरी, तारीख. शीटची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून नसून ६ मे होतो. तिसरी, फॉर्म भरल्याची मूळ तारीखच नोंदवा, आजची नव्हे. आधी दहा नावे भरून तपासा, मग उरलेली.

देणगीदारांच्या बाबतीत हे अधिक निकडीचे आहे. आयकराच्या ८०-जी कलमाखाली मान्यता असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे विवरण नमुना १०बीडीमध्ये द्यावे लागू लागले, आणि त्यासाठी वर्ष संपल्यावर ३१ मे ही मुदत ठरली. त्या विवरणात नाव नसले तर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याची सवलत अडते. म्हणून मार्च संपताच नावांचा मेळ घालावा.

यादी पूर्ण झाल्यावर प्रत्येकाला फोन करा. 'तुमचा फॉर्म आमच्याकडे आला होता, नोंद व्हायला उशीर झाला' एवढे सरळ सांगावे. ज्या मुलीच्या खर्चासाठी कोणी हात पुढे केला होता, तिचे शाळेचे वर्ष अजून हाती असू शकते.

४. पुढे काय सांभाळावे?

दर सोमवारी दोन आकडे लिहा: आठवड्यात आलेले फॉर्म आणि झालेल्या नोंदी. आकडे सारखे नसतील तर त्याच दिवशी शोध घ्या. अडचणीची सूचना एका माणसाच्या ईमेलवर न जाता कार्यालयाच्या सामाईक ईमेलवर जावी. फॉर्ममध्ये कोणी काय बदलले ते तारखेसह वहीत लिहावे, आणि प्रत्येक बदलानंतर एक चाचणी नोंद करावी.

शेवटी गोपनीयता. दोष शोधताना लोकांचे क्रमांक आणि मुलांची माहिती व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. ज्या कामासाठी संमतीने माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरावी, हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही गाभा आहे. लोकांनी विश्वासाने दिलेल्या माहितीचे आपण मालक नाही, कारभारी आहोत.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या फॉर्मपासून नोंदीपर्यंतचे टप्पे कागदावर काढा. प्रत्येक टप्पा कोण सांभाळते?
२. आपल्याकडे एकाच मोबाइलवरून किती जणांचे फॉर्म येतात? त्या सर्वांच्या वेगळ्या नोंदी आहेत का?
३. जोडणी कोणाच्या खात्यातून चालते? ती व्यक्ती उद्या नसेल तर काय होईल?
४. गेल्या तीन महिन्यांत आलेले फॉर्म आणि झालेल्या नोंदी मोजा. फरक असेल तर पहिला फोन कोणाला करायचा?