गर्दीपासून बाजूला

शास्त्रभाग : मार्क ७:३१-३७

प्रभू येशूने त्या बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले. ‘इफ्फाथा’ हा शब्द त्यानंतरचा. ज्याला ऐकू येत नाही त्याला आधी हातांनी कळवले, असे मला हा भाग वाचताना वाटते.

जळगाव-धुळ्याच्या सातपुडा पायथ्याला, चोपडा-शिरपूरकडच्या पाड्यांवर आहाराची माहिती बहुधा बोलूनच दिली जाते. कानाने अधू असलेली गरोदर बाई मागे नुसती बसून राहते. लोहाची गोळी तिला मिळते; ती चहाबरोबर घेऊ नये, हे मात्र पोहोचत नाही. रक्त कमी असेल तर बाळंतपणात जिवावर बेतते.

अंगणवाडीतली दंडघेर मोजायची रंगीत पट्टी मला म्हणूनच आवडते. दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल. तो रंग आईला दिसतो, एकदा खुणेने समजावले की पुरे.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राच्या शब्दकोशात २०२१ साली १०,००० शब्द होते. पण जी शाळेतच गेली नाही तिला ती भाषा कुठून येणार? तिच्या घरच्या खुणा सासूला, बहिणीला विचाराव्या लागतात : भाकरीची कोणती, दुधाची कोणती. मग उजेडात, तिच्यासमोर बसून शेवग्याचा पाला डाळीत घालून दाखवावा आणि तिच्या हातूनही करून घ्यावा. वेळ लागतो. प्रभूनेही त्या एकाला वेळ दिला.

सप्टेंबरच्या पोषण महिन्याआधी मंडळीतल्या भगिनींनी आपल्या पाड्याच्या आशाताईंना एवढे विचारावे : ऐकू न येणाऱ्या आया कोणकोणत्या घरी आहेत?