वाचकांचे प्रश्न : कौन्सिल टॅक्सचा आकडा ठरतो कसा?

प्रश्न : इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला दर मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचे बिल येते. गेली काही वर्षे ते जवळपास पाच टक्क्यांनी वाढूनच येते. घर तेच आणि सोयीही त्याच, किंबहुना वाचनालयाचे तास कमी झालेले. मग ही वाढ कोण ठरवते, कशावरून ठरवते, आणि रहिवाशांना त्यात काही म्हणता येते का?

उत्तर : कौन्सिल टॅक्स हा कौन्सिलच्या अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी ठरणारा आकडा आहे. महाराष्ट्रातल्या घरपट्टीचा हिशेब घरापासून सुरू होतो. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि दर यांवरून बिल निघते. इंग्लंडमध्ये हिशेबाची सुरुवात खर्चापासून होते. कौन्सिल आधी पुढच्या वर्षाचा खर्च मांडते, इतर मार्गांनी येणारे पैसे त्यातून वजा करते आणि उरलेली रक्कम घरांवर वाटते. बिल का वाढले याचे उत्तर घरात किंवा गल्लीत न सापडण्याचे कारण हेच आहे.

हा कर १९९२च्या स्थानिक शासन वित्त कायद्याने आला आणि १ एप्रिल १९९३पासून लागू झाला. त्याआधी माणशी सारखी रक्कम घेणारा ‘पोल टॅक्स’ होता. त्याच्याविरुद्ध इतका संताप उसळला की मार्गारेट थॅचर यांचे पंतप्रधानपद जाण्यात त्याचाही वाटा होता. नवा कर पुन्हा घरावर बसवला गेला, पण ढोबळ गटांत. प्रत्येक घर ए ते एच या आठ बँडपैकी एकात बसते आणि त्यासाठी घराची १ एप्रिल १९९१ रोजीची किंमत धरतात. बँड डीमध्ये त्या वेळच्या ६८ हजार ते ८८ हजार पौंडांची घरे आहेत. काल बांधलेल्या घरालाही ‘१९९१ साली हे किती किमतीला गेले असते’ या अंदाजाने बँड मिळतो. इंग्लंडमध्ये त्यानंतर फेरमूल्यांकन झालेलेच नाही. लंडनच्या आणि उत्तरेकडच्या शहरांच्या घरकिमतींत तीस वर्षांत केवढी तफावत पडली हे पाहता, या करातला सर्वांत मोठा अन्याय इथेच आहे.

एका काल्पनिक कौन्सिलचा हिशेब घेतला की सगळी रीत कळते. समजा, वर्षाचा निव्वळ खर्च २० कोटी पौंड आहे. केंद्र सरकारचे अनुदान आणि व्यापारी मालमत्तांवरच्या करातला वाटा मिळून १० कोटी येतात. उरलेले १० कोटी घरांकडून घ्यायचे. आता घरे किती, हे मोजायचे. इथे नुसती दारे मोजत नाहीत, तर सगळी घरे ‘बँड डी’च्या मापात आणतात. बँड एचे घर डीच्या नऊपैकी सहा भाग मोजतात आणि एचचे अठरा भाग, म्हणजे बरोबर दुप्पट. सवलती वजा करून आणि न वसूल होणारी थोडी रक्कम गृहीत धरून जी संख्या येते तिला ‘टॅक्स बेस’ म्हणतात. ती ५० हजार निघाली, तर बँड डीचा कर २,००० पौंड झाला. बँड एला १,३३३ पौंड ३३ पेन्स आणि एचला ४,०००.

पुढच्या वर्षी पगारवाढ आणि महागाईमुळे खर्च फक्त तीन टक्क्यांनी वाढला आणि अनुदान होते तेवढेच राहिले, असे धरू. वाढीव ६० लाख पौंड एकट्या घरांवर पडतील आणि कर सहा टक्क्यांनी वाढवावा लागेल. खर्चातली वाढ करात दुप्पट होऊन उमटते, कारण खर्चाचा अर्धाच भाग या करातून भागतो. अनुदान गोठले किंवा घटले की हा दाब आणखी वाढतो. लोक ‘कौन्सिलने पाच टक्के वाढवले, म्हणजे उधळपट्टी पाच टक्क्यांनी वाढली’ असा अर्थ काढतात, तो म्हणूनच बहुधा चुकतो.

सहा टक्के वाढ मात्र मनात आले म्हणून करता येत नाही. २०११च्या लोकॅलिझम कायद्यानुसार सरकार दरवर्षी मर्यादा जाहीर करते आणि ती गाठणाऱ्या कौन्सिलला सार्वमत घ्यावे लागते. वृद्ध व अपंग प्रौढांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या कौन्सिलांसाठी ही मर्यादा अलीकडे पाच टक्के आहे. त्यातले तीन सर्वसाधारण खर्चासाठी आणि दोन खास या देखभालीसाठी. पाच टक्क्यांना सार्वमत लागते म्हणून ४.९९ वर थांबायचे, हे त्या सुपरिचित आकड्याचे मूळ. प्रत्यक्ष सार्वमत आजवर एकदाच झाले. मे २०१५मध्ये बेडफर्डशरच्या पोलीस आयुक्तांनी आपल्या वाट्यात सुमारे १६ टक्के वाढ मागितली, मतदारांनी ती फेटाळली आणि वाढीव आकड्याची गेलेली बिले नव्याने पाठवावी लागली. ही वाट पुन्हा कोणी धरलेली नाही.

वरच्या उदाहरणात मग कौन्सिल पाच टक्क्यांच्या किंचित खाली थांबते आणि १० लाखांच्या वर तूट राहते. ती भरून काढायची कशी, यातच अंदाजपत्रकाचा खरा कस लागतो. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायला कायद्याची बंदी आहे आणि जमा-खर्चाचा मेळ बसलाच पाहिजे. गंगाजळी वापरता येते, पण ती एकदाच कामी येते आणि पगार दरवर्षी द्यायचे असतात. शाळांचे अनुदान शाळांनाच द्यावे लागते. कौन्सिलच्या मालकीच्या घरांचे भाडेही वेगळ्या खात्यात राहते, त्याला हात लावता येत नाही. गावात नवी घरे उभी राहिली तर टॅक्स बेस वाढतो. बँड डीच्या मापात ५०० घरे वाढली की वर्षाला आणखी १० लाख पौंड मिळतात. तेवढी वाढ नसेल तर पार्किंगचे शुल्क वाढते, बागेतला कचरा नेण्याचे पैसे लागू होतात, वाचनालयाचे तास कमी होतात. वृद्धांची देखभाल आणि धोक्यात असलेल्या मुलांचे संरक्षण ही कायद्याने लादलेली कर्तव्ये आहेत आणि सर्वांत जास्त पैसा त्यांनाच लागतो. कात्री पडते ती ज्या सेवांत कपात करायला वाव आहे त्यांवर. रहिवाशाला रोज दिसणाऱ्या सेवा बहुधा याच असतात, आणि जास्त पैसे देऊन कमी मिळते ही त्याची भावना आकड्यांच्या दृष्टीनेही खरी असते.

बिलाचा कागदही नीट वाचण्यासारखा असतो. बिल पाठवणारी कौन्सिल सगळे पैसे स्वतःकडे ठेवत नाही. जिथे जिल्हा आणि काउंटी अशा दोन पायऱ्या आहेत तिथे बिल जिल्हा कौन्सिलच्या नावाने येते, पण सर्वांत मोठी ओळ काउंटीची असते. खाली पोलीस, अग्निशमन आणि खेडेगावात पॅरिश कौन्सिलची ओळ असते. प्रत्येकाची वाढ वेगळी छापलेली असते. ‘प्रौढांची देखभाल’ या ओळीवर तर हमखास गोंधळ होतो. ओळीत मागच्या वर्षी २६० पौंड होते, यंदा ३०० आहेत आणि शेजारी वाढ २ टक्के अशी छापलेली आहे. वजाबाकी करणाऱ्याला ती १५ टक्के दिसते. छपाई बरोबर असते. टक्केवारी त्या ओळीवर काढत नाहीत, कौन्सिलच्या मागच्या वर्षीच्या एकूण करावर काढतात. २,००० पौंडांचे दोन टक्के म्हणजे ४० आणि २६० अधिक ४० म्हणजे ३००. ओळीतली रक्कम ही २०१६-१७पासून साचत आलेली बेरीज असते.

वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते. आर्थिक वर्ष भारतासारखेच १ एप्रिल ते ३१ मार्च. उन्हाळ्यात वित्त विभाग पगारवाढ, महागाई आणि देखभालीची गरज यांचे अंदाज बांधतो. शरद ऋतूत कपातीचे प्रस्ताव बाहेर येतात आणि बहुतेक कौन्सिला त्यांवर रहिवाशांची मते मागवतात. व्यापारी करदात्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत तर कायद्यानेच बंधनकारक आहे. डिसेंबरात सरकार अनुदानाचा तात्पुरता आकडा सांगते. १ डिसेंबर ते ३१ जानेवारी या काळात टॅक्स बेस ठरतो. फेब्रुवारीत मंत्रिमंडळासारखे काम करणारी कॅबिनेट अंतिम मसुदा मांडते आणि सर्व सदस्यांची सभा तो मंजूर करते. कर ठरवण्याची शेवटची मुदत ११ मार्च.

या सभेचे नियम अनुकरण करण्याजोगे आहेत. मुख्य वित्त अधिकाऱ्याला अंदाज कितपत भक्कम आहेत आणि गंगाजळी पुरेशी आहे का, याचा लेखी अहवाल सभेपुढे ठेवावाच लागतो. २००३च्या कायद्याचे ते बंधन आहे. विरोधकांना पर्यायी अंदाजपत्रक मांडता येते, मात्र त्यांचीही जमा-खर्चाची बाजू जुळावी लागते. कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे २०१४पासून नावानिशी इतिवृत्तात नोंदतात. आणि ज्या सदस्याचा स्वतःचा कौन्सिल टॅक्स दोन महिने थकला असेल, त्याने तसे जाहीर करून मतदानापासून दूर राहायचे असते. तसे न करणे हा गुन्हा आहे.

मेळ बसण्याची शक्यताच संपली, तर हाच वित्त अधिकारी १९८८च्या कायद्यातील कलम ११४ची नोटीस काढतो. कर्तव्याबाहेरचा नवा खर्च तिथल्या तिथे थांबतो आणि सदस्यांना २१ दिवसांत सभा घ्यावी लागते. नॉर्थॅम्प्टनशर, क्रॉयडन, स्लाऊ आणि वोकिंग या वाटेने गेल्या. सप्टेंबर २०२३मध्ये बर्मिंगहॅमवरही ही वेळ आली. स्त्री-पुरुष समान वेतनाची थकीत देणी आणि फसलेली संगणक प्रणाली ही तिथली मोठी कारणे होती. त्यानंतर सरकारच्या खास परवानगीने बर्मिंगहॅमने सार्वमताशिवाय २०२४-२५मध्ये ९.९९ आणि २०२५-२६मध्ये ७.४९ टक्के वाढ केली. म्हणजे पाच टक्क्यांची मर्यादा अभेद्य नाही.

रहिवाशाने बोलायचे ते डिसेंबर-जानेवारीत. मार्चमध्ये बिल हातात पडते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. मसुद्याची कागदपत्रे कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतात आणि सभेला लोकांना बसता येते. वर्ष संपल्यावर हिशेब ३० कामकाजी दिवस पाहणीसाठी खुले असतात, तिथली नोंद तपासता येते आणि मतदाराला लेखापरीक्षकाकडे हरकतही घेता येते. इंग्लंडमधल्या पुष्कळ मराठी कुटुंबांना माहीत नसते, पण भारतीय पासपोर्टवर कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रौढाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी मतदार यादीत नाव नोंदवावे लागते.

प्रश्न : शेजारच्या सारख्याच घराचा बँड खालचा आहे. तक्रार कौन्सिलकडे करायची का?

उत्तर : नाही. बँड केंद्र सरकारची मूल्यांकन यंत्रणा ठरवते, त्यात कौन्सिलचा हात नसतो. नव्या घरात राहायला आल्यापासून सहा महिन्यांच्या आत रीतसर हरकत घेता येते आणि ती फेटाळली तर मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. नंतरही चूक दाखवून फेरतपासणी मागता येते, पण त्यासाठी पुरावा भक्कम लागतो. सारख्या आकाराच्या, सारख्या काळात बांधलेल्या शेजारच्या घरांचे बँड आणि १९९१च्या आसपासच्या विक्रीच्या किमती यांचा उपयोग होतो. तपासणीत बँड वरही जाऊ शकतो, क्वचित शेजाऱ्याचासुद्धा. तोवर आलेले बिल भरत राहावे लागते.

प्रश्न : विद्यार्थ्यांना आणि एकट्या राहणाऱ्यांना हा कर लागतो का? सवलत घेतल्याने व्हिसाला धोका असतो का?

उत्तर : कर साधारणपणे घरात राहणाऱ्याने, म्हणजे भाडेकरूने भरायचा असतो. वेगवेगळ्या खोल्या वेगवेगळ्या करारांवर दिल्या असतील तर तो मालकावर पडतो. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घर करमुक्त असते. अभ्यासक्रम किमान एका वर्षाचा, वर्षात किमान २४ आठवड्यांचा आणि आठवड्याला किमान २१ तासांचा असावा लागतो आणि विद्यापीठाचे पत्र कौन्सिलला द्यावे लागते. त्या पत्रातली अभ्यासक्रम संपण्याची तारीख उलटली की सूटही संपते. निकाल लागायचा असला तरी आणि पुढचा व्हिसा हातात असला तरी. विद्यार्थ्यासोबत नोकरी करणारा एकच प्रौढ राहत असेल, तर बिलात २५ टक्के सवलत मिळते. एकट्या राहणाऱ्या प्रौढालाही तेवढीच. या दोन्ही सवलती सरकारी मदत मानल्या जात नाहीत, त्यामुळे त्या घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही.

कमी उत्पन्नामुळे मिळणारी ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ ही गोष्ट वेगळी आहे. ती सरकारी मदतीत मोडते. ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधी घेण्यास मनाई असल्याची अट आहे, त्यांनी तिचा अर्ज करू नये. हप्ते जड जात असतील तर नेहमीच्या दहा हप्त्यांऐवजी बारा मागता येतात आणि त्यासाठी केलेल्या विनंतीचा व्हिसाशी काही संबंध नसतो.