चिकूचा कारखाना आणि फंडाचा पैसा

आमच्या डहाणू तालुक्यातल्या घोलवड-बोर्डी पट्ट्यात चिकू उदंड पिकतो, पण टिकत नाही. काढणीनंतर पाच-सहा दिवसांत फळ मऊ पडतं आणि हिवाळ्यात आवक वाढली की दर कोसळतो. म्हणून आम्ही काही बागायतदार आणि तलासरीकडचा वारली शेतकऱ्यांचा एक गट मिळून चिकूच्या चिप्स आणि पावडरचा कारखाना काढायचं ठरवलं. 2016 साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, नावाला वजन आलं होतं. ड्रायर, शीतगृह आणि पॅकिंगसाठी भांडवल हवं होतं. मुंबईच्या एका व्हेंचर कॅपिटल फंडानं रस दाखवला. त्या बोलणीत जे कळलं, ते या वाटेनं जाणाऱ्यांना आधीच माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

फंडाचा पैसा त्यांचा स्वतःचा नसतो. तो इतरांकडून गोळा केलेला असतो आणि बहुतेक फंडांची मुदत दहा वर्षांच्या आसपास असते. तेवढ्यात पैसा गुंतवायचा, वाढवायचा आणि हिस्सा विकून बाहेर पडायचं. त्यांच्या अनेक कंपन्या बुडणार हे ते धरूनच चालतात, त्यामुळे उरलेल्यांपैकी एखादीनं अनेक पटींनी वाढून सगळी भरपाई करावी लागते. दरवर्षी बरा नफा देणारा धंदा त्यांच्या हिशोबात बसत नाही. इथे तर कालीपत्ती जातीच्या चिकूचं कलम लावल्यापासून बाग भरात यायला सात-आठ वर्षं जातात. कच्चा माल झाडाच्या गतीनं येणार आणि पैसा मात्र फंडाच्या गतीनं परत मागितला जाणार, हा पेच कुठल्याही प्रेझेंटेशननं सुटत नाही.

दुसरा पेच कंपनीचा. आम्ही आधी शेतकरी उत्पादक कंपनी काढणार होतो. कायद्यानं अशा कंपनीत फक्त उत्पादकच सभासद होतात आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. बाहेरचा फंड तिथे भागीदार होऊच शकत नाही. त्यामुळे सल्ला मिळतो तो वेगळी कंपनी काढण्याचा. हे चांगल्या रीतीनंही होतं. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्री फार्म्सनं 2022 साली आपल्या प्रक्रिया उपकंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये आणले. पण त्याआधी दशकभर त्यांनी शेतकऱ्यांचं संघटन, निर्यात आणि प्रक्रिया उभी केली होती. ज्यांच्याकडे अजून ड्रायरसुद्धा नाही त्यांनी वेगळी कंपनी काढली, तर निर्णय तिकडे जातात आणि शेतकरी उरतो माल पुरवणारा.

आणि जमीन. डहाणू-तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगरआदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा पट्ट्यानं देता येत नाही. फंडाच्या वकिलांनी याला ‘अडचण’ म्हटलं, तेव्हा गटातल्या एका ताईंनी सरळ विचारलं, “दादा, जमीन कोणाच्या नावावर राहील ते आधी सांगा.” हा प्रश्न उगाच आलेला नव्हता. याच तलासरीतल्या झरी गावात 1945 साली वारली एकत्र जमले आणि किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या साथीनं त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. कागदावर उठवलेल्या अंगठ्यानं जमीन कशी जाते, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. पूर्वमंजुरीची ती अट अडचण नाही, संरक्षण आहे. ती टाळून कारखाना उभा करू म्हणणाऱ्याला पहिल्याच बैठकीत नाही म्हणा. शिवाय 20 जून 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला आहे. आपला उद्योग त्या अधिसूचनेतल्या उद्योगांच्या कोणत्या वर्गात येतो, हे जागा पाहण्याआधी तपासा.

आमची बोलणी दिवाळीनंतर सुरू झाली आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लांबली. दरम्यान, दुसरीकडून कर्ज घेऊ नका, असं फंडानं सांगितलेलं. त्यामुळे यंत्रांची ऑर्डर थांबली आणि बहर हातचा गेला. मग निरोप आला की फंडाचा भर आता दुसऱ्या क्षेत्रावर आहे. अशा वेळी कोणी भरपाई देत नाही. म्हणून थांबायला सांगणाऱ्याकडून थांबण्याची शेवटची तारीख लेखी घ्या.

त्याआधी टर्म शीटचा, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाचा, मसुदा आला होता. व्हॅल्युएशनचा, म्हणजे कंपनीच्या ठरवलेल्या किमतीचा, आकडा सगळे वाचतात. खरा मजकूर पुढे, लिक्विडेशन प्रेफरन्सच्या, म्हणजे कंपनी विकल्यावर आधी कोणाला किती मिळणार याच्या, कलमात असतो. समजा, फंडानं 1 कोटी देऊन 20 टक्के हिस्सा घेतला आणि पुढे कंपनी 3 कोटींना विकली गेली. साध्या हिशोबानं फंडाला 60 लाख मिळावेत. पण ‘आधी दुप्पट, मग उरलेल्यातही वाटा’ अशी अट असेल तर फंड आधी 2 कोटी उचलतो, उरलेल्या 1 कोटीतले 20 लाखही घेतो. ज्यांचा 80 टक्के हिस्सा आहे त्यांच्या वाट्याला 80 लाख. ही अट ‘गुंतवणुकीइतकीच रक्कम आधी, किंवा हिश्शाप्रमाणे वाटा, यातलं एकच’ इथवर आणता येते. त्यासाठी भांडावंच. कोणत्या निर्णयांवर फंडाला नकाराधिकार आहे आणि कंपनी विकायला तो तुम्हाला भाग पाडू शकतो का, तेही पाहा.

फंड मिळवून देतो म्हणत आगाऊ ‘फाइल फी’ मागणारे दलालही भेटतील. त्यांना एक रुपया देऊ नका. फंडाची नोंदणी सेबीच्या यादीत स्वतः पाहा.

आमचा कारखाना शेवटी बँकेच्या कर्जावर आणि प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या 35 टक्के अनुदानावर उभा राहिला. आम्हाला लागू झालेल्या प्रकारात त्या अनुदानाची मर्यादा 10 लाख होती, म्हणून यंत्रं लहान घेतली. वाढ संथ आहे, पण जमीन ज्याची त्याच्याच नावावर आहे.

तुमच्या गटाला फंड घ्यायचाच असेल तर एवढं नक्की करा. टर्म शीटमधली प्रत्येक अट मराठीत लिहून घ्या, ती सगळ्या सभासदांसमोर मोठ्यानं वाचा, आणि एकाही सभासदानं ‘हे कळलं नाही’ म्हटलं तर त्या दिवशी सही करू नका.